माडगं, मॅगी आणि नीरेचा कालवा

डिसेंबर लागला की फोनवर एकाच छापाचे रील यायला सुरुवात होते. पांढराशुभ्र बाऊल, वर क्रीमची नक्षी, बाजूला भाजलेला ब्रेड, आणि खाली लिहिलेलं असतं 'विंटर सूप'. ते बघून आपण ब्रोकोली शोधायला निघतो, नाहीतर सरळ दुकानातून पाकीट आणतो, पाणी उकळतो आणि ढवळतो.

आजचा एपिसोड सूपवरच आहे. शाकाहारी, घरगुती, थंडीतलं सूप. पण आपण ते बघणार आहोत बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतून. तिथं या पदार्थाला कुणी सूप म्हणत नाही. तिथं त्याचं नाव आहे माडगं. हुलग्याचं माडगं.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको. माडगं म्हणजे 'आज्जीच्या बटव्यातलं हेल्दी ड्रिंक' नव्हतं. पाणी कमी, सरपण कमी, धान्य कमी, अशा तीन अडचणींवर मिळून शोधलेलं ते एक उत्तर होतं. आणि ते आपल्या ताटातून मागं पडलं ते केवळ चव आवडेनाशी झाली म्हणून नाही. त्यामागं एक कालवा आहे, दोन मोठे दुष्काळ आहेत, आणि थोडी लाजसुद्धा आहे. कशी, ते बघू.

सूप हा शब्द कुणाचा?

सुरुवात शब्दापासून. मराठीत सूप म्हटलं की धान्य पाखडायचं सूप आठवतं. ते आलं संस्कृत 'शूर्प' वरून. पण संस्कृतात 'सूप' असाही एक स्वतंत्र शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे शिजवलेल्या डाळीचं पातळ कालवण, वरण म्हणा हवं तर. स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणायचे. इंग्रजी सूपचा याच्याशी संबंध नाही. तो शब्द फ्रेंचमधून आला आणि मुळात त्याचा अर्थ होता रश्शात भिजवलेला पावाचा तुकडा.

गंमत बघा. रश्शात पाव भिजवून खाणारा युरोपातला शेतकरी आणि आमटीत भाकरी कुस्करून खाणारा आपला शेतकरी, दोघंही एकच गोष्ट करत होते. कोरडं, कडक झालेलं अन्न गरम पातळ पदार्थानं मऊ करून पोटात ढकलायचं.

आपल्याकडं याची नावं भरपूर आहेत. मुगाचं किंवा मटकीचं कढण, टोमॅटोचं किंवा आमसुलाचं सार, ताकाची कढी, ज्वारीच्या पिठाची आंबील. पुरणपोळीच्या दिवशी हरभऱ्याची डाळ शिजवून जे पाणी काढतात ती येळवणी, आणि तिची केलेली आमटी. शहरात तिलाच कटाची आमटी म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत अशा कडधान्याच्या कढणाला 'यूष' म्हटलंय, आणि त्यात कुळथाचा यूषही आहे. कुळीथ म्हणजेच आपला हुलगा. कोकणात कुळीथ, देशावर हुलगा. एकच दाणा.

तीन हजार वर्षांचा दाणा

हा दाणा इथं किती जुना आहे? पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथली वस्ती साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे ताम्रपाषाण युगातली. त्या लोकांचं मुख्य धान्य होतं सातू, म्हणजे बार्ली. सोबत मसूर, वाटाणा आणि हुलगा यांचे जळालेले दाणे सापडले. पुराचं पाणी वळवण्यासाठी केलेला बांध आणि चारी यांच्या खुणाही मिळाल्या.

घोड नदी पुढं भीमेला मिळते आणि ती भीमा इंदापूरच्या कडेनं जाते. म्हणजे हे आपलंच खोरं. या खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वीही लोक दोन गोष्टींच्या मागं होते, पाणी अडवायचं आणि हुलगा शिजवायचा. आजच्या आपल्या गोष्टीतही हीच दोन पात्रं आहेत.

घोड्याचं खाणं

इंग्रजांनी हुलग्याला नाव दिलं 'हॉर्स ग्रॅम', घोड्याचा दाणा. आता बारामती तालुक्याचा मोठा भाग पूर्वी ज्या तालुक्यात होता त्याचं नाव भीमथडी. भीमथडीचे घोडे म्हणजे मराठ्यांच्या घोडदळाचा कणा. अंगानं लहान, पण काटक, डोंगर-दऱ्यांत न थकता चालणारे. हुलगा जनावरांच्या खुराकात असायचाच. म्हणजे घोडा आणि घोडेस्वार एकाच शेतातलं खात होते.

पण नावाचा परिणाम होतो ना! ज्याला 'घोड्याचं खाणं' म्हटलं ते माणसाच्या पंगतीत कसं वाढणार? लग्नात कधी माडगं बघितलंय? हुलगा नेहमी घरातल्या घरात खायचा पदार्थ राहिला. पाहुणे आले की तो मागं आणि तूरडाळ पुढं.

अडचणी तीन, उत्तर एक

आता थोडं इंजिनीअरसारखं बघू. कुठलंही डिझाइन समजून घ्यायचं असेल तर आधी बंधनं काय होती ते विचारायचं.

पहिलं बंधन, पाऊस. सह्याद्रीचा माथा ओलांडला की ढग रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि बारामती-इंदापूरकडं साधारण पाचशेच्या आसपास. तोही लहरी. अशा ठिकाणी हुलगा टिकतो. मुरमाड, हलक्या रानात येतो, पाणी कमी मागतो, आणि शेंगवर्गातला असल्यानं जमिनीत नत्रही धरतो. पावसाळ्यात उशिरा पेरला तरी थंडीच्या तोंडाला घरात येतो. थंडीत माडगं का? कारण नवा हुलगा तेव्हाच हातात असतो.

दुसरं बंधन, सरपण. या पठारावर जंगल नाही. चुलीला मिळायच्या तुरीच्या काड्या, बाभळीच्या काटक्या आणि शेणाच्या गोवऱ्या. आणि हुलगा हा शिजायला भलता हट्टी. अख्खा शिजवायचा तर तासभर चूल पेटती ठेवा. मग बायकांनी काय केलं? हुलगा एकदाच भाजला आणि जात्यावर दळून ठेवला. एकदा पीठ झालं की दहा मिनिटांत शिजतं. जास्तीचा जाळ एकदाच, आणि पुढचे कितीतरी दिवस झटपट काम.

तिसरं बंधन, धान्य. मूठभर पिठात चार वाट्या पाणी घातलं की सगळ्यांना गरम काहीतरी मिळतं. आणि हे नुसतं पोट फुगवणं नव्हतं. १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत जे कमी पडतं ते कडधान्यातून भरून निघतं.

याच पिठाचा दुसरा प्रकार म्हणजे शेंगोळे. हुलग्याचं पीठ लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट मळायचं, तळहातानं लांबट वळायचं आणि फोडणीच्या पाण्यात सोडायचं. पातळ कालवणही तेच आणि भाकरीची जागाही तेच भरतं. एक भगुलं, एक जाळ, जेवण तयार.

इकडं माडगं, तिकडं मॅगी

आता थोडं बाहेर जाऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी म्युनिकमध्ये काउंट रमफोर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं गरिबांसाठी एक सूप बसवलं. त्यात काय? सातू आणि वाळलेले वाटाणे. पुढं बटाटा आला. कमीत कमी पैशात आणि कमीत कमी जळणात जास्तीत जास्त लोकांना खाऊ घालायचं, हा त्याचा हिशोब. सातू आणि वाटाणा, आठवलं का इनामगाव?

मग येतो स्वित्झर्लंड. तिथं कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांना स्वयंपाकाला वेळ नव्हता आणि कामगारांचं खाणं निकृष्ट झालं होतं. ज्युलियस मॅगी नावाच्या गिरणीवाल्यानं १८८४च्या सुमारास कडधान्यांचं लवकर शिजणारं पीठ बाजारात आणलं आणि १८८६ मध्ये त्यापासून तयार सूप. हो, तोच मॅगी. नूडल्स फार नंतर आल्या. मॅगीचा पहिला शोध म्हणजे डाळीच्या पिठाचं झटपट सूप.

म्हणजे आपण जे पाकीट फाडतो त्याची मूळ कल्पना काय? कडधान्यावर आधीच प्रक्रिया करून त्याचं पीठ करायचं आणि ऐन वेळी गरम पाण्यात ढवळायचं. आपल्या पणजीच्या डब्यात हेच होतं. फरक एवढाच की तिकडं त्याचा ब्रँड झाला आणि इकडं त्याची लाज वाटायला लागली. ही लाज कुठून आली, हा आजचा खरा प्रश्न.

इंदापूरची मोजणी आणि सुप्याची आग

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि इंग्रजांनी जमिनीची मोजणी सुरू केली. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं १८३०च्या सुमारास जो सारा ठरवला तो इतका जड होता की इंदापुरात लोकांनी रानं पडीक टाकली आणि गावं सोडली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्यानं मोजणी केली, मातीचा रंग आणि खोली बघून प्रती ठरवल्या, आणि १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. ही पद्धत पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली. म्हणजे आजच्या सातबाऱ्याच्या मागं जी जमीन-मोजणीची परंपरा आहे तिचा एक मोठा प्रयोग इंदापूर तालुक्यात झालाय.

तीस वर्षं संपली आणि सारा वाढला. नेमकं त्याच वेळी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यानं आपल्या कापसाचे चढे भाव कोसळले. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला आणि कर्जाचे कागद पेटवले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जे वाचलंय त्याची सुरुवात ही.

रोख पैसा साऱ्यात आणि व्याजात जात असेल तर घरात खायला काय उरणार? बाजारात किंमत येते ते धान्य विकायचं, आणि ज्याला भाव नाही ते घरी ठेवायचं. हुलग्याला भाव नव्हता.

एक पौंड धान्य

आणि मग पुढच्याच वर्षी पाऊस गेला. १८७६ ते ७८ चा दुष्काळ. सरकारनं दुष्काळी कामं काढली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटननं पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं खर्च वाचवायला मजुरी कमी केली. दिवसभर खणणाऱ्या माणसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि वर मीठ-मिरचीपुरती चिल्लर. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी जाहीर आक्षेप घेतला की कष्ट करणाऱ्या शरीराला हे पुरणार नाही. आपल्याकडं मजुरांनी कामं सोडून दिली, एक प्रकारचा संपच झाला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावागावांतली माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली.

साडेचारशे ग्रॅम. तुमच्या किचनमध्ये वजनकाटा असेल तर एकदा तेवढं धान्य मोजून बघा. डाळ-भाजी त्या चिल्लरमधूनच घ्यायची. आता त्यावर दिवसभर टिकाव चालवा. अशा दिवसांत पातळ पेज, पातळ माडगं म्हणजे रेसिपी नसते, ती वाटणी असते.

याच दुष्काळी कामांतून नीरेच्या डाव्या कालव्याचं खोदकाम सुरू झालं. वीरच्या बंधाऱ्यातून निघालेला हा कालवा १८८५च्या सुमारास वाहायला लागला. बारामती आणि इंदापूरच्या दक्षिण भागातून, नीरा नदीला धरून तो पूर्वेकडं जातो. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. मॅगीचं पीठ १८८४, नीरेचं पाणी १८८५.

कालव्याच्या अलीकडं, पलीकडं

पाणी आलं आणि रानं बदलली. ऊस आला, गुऱ्हाळं आली, बारामती गुळाची मोठी पेठ झाली. १९१४ मध्ये दौंड-बारामती ही छोट्या रुळांची रेल्वे सुरू झाली. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना उभा केला, ते आजचं वालचंदनगर. १९५०च्या दशकापासून सहकारी कारखाने आले.

आता हलकं रान आणि हुलगा यांच्याकडं कोण बघणार? उसाचे पैसे हातात आले, तूरडाळ विकत घेता आली, गहू आला. माडगं मागं पडलं. पण कालवा जिथं पोचला नाही तिथं, सुपे-मोरगावकडच्या पट्ट्यात, बाजरी, ज्वारी, हुलगा, मटकी चालूच राहिली. आजही बारामतीत कुणालाही विचारा, तालुक्याचे दोन भाग सांगतील, बागायती आणि जिरायती. ही रेघ नकाशावर आहे, सोयरीक जुळवताना ती निघते, आणि माझ्या मते ती वाडग्यातही होती. माडगं खाणं म्हणजे तुम्ही रेघेच्या कुठल्या बाजूचे आहात हे सांगणं. लाज पदार्थाची नव्हती, पाणी नसण्याची होती.

आणि तरी गंमत अशी, की माडग्याचा गोड प्रकार करतात त्यात गूळ लागतो. म्हणजे हुलगा जिरायती रानाचा आणि गूळ बागायती रानाचा. अख्ख्या तालुक्यात दोन्ही बाजू जिथं गुण्यागोविंदानं एकत्र येतात अशी जागा म्हणजे हे भगुलं.

बहात्तर

मग आला १९७२चा दुष्काळ. आपल्या आज्जी-आजोबांचा. त्यांच्या बोलण्यात ते साल नसतंच, नुसतं 'बहात्तर' असतं. खडी फोडायची, पाझर तलावाचं, नालाबंडिंगचं काम करायचं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो. याच अनुभवातून पुढं राज्याची रोजगार हमी योजना पक्की झाली, तिचा कायदा १९७७चा.

एक पौंड धान्यापासून रोजगाराच्या हक्कापर्यंतचा हा शंभर वर्षांचा प्रवास आहे. १८७७ मध्ये सरकार विचारत होतं, माणूस कमीत कमी कितीवर जगतो. १९७७ मध्ये कायद्यानं मान्य केलं, की काम मागणं हा त्याचा हक्क आहे.

आणि दुष्काळ संपला का? थंडी म्हणजे आपल्याकडं गळीत हंगाम. बीड, अहिल्यानगरकडच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोड कामगार बारामती-इंदापुरात येतात, फडाशेजारी कोप्या करून राहतात, पहाटेच्या गारठ्यात कोयता हातात घेतात. आपल्या शिवारातला दुष्काळ कालव्यानं ढकलला, पण दुसऱ्याच्या गावचा दुष्काळ दरवर्षी थंडीत आपल्या शिवारात कामाला येतो. कमी पाणी, कमी सरपण, कमी वेळ या अडचणी त्या कोपीत अजून तशाच आहेत.

करून बघा

एवढं ऐकल्यावर करून बघायला हवंच. चार जणांसाठी सांगतो.

वाटीभर हुलगे निवडून, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा. गार करून मिक्सरला बारीक दळा, चाळा, डब्यात भरा. हे पीठ बरेच दिवस टिकतं. त्यातलं चार चमचे पीठ एक वाटी गार पाण्यात कालवा. गारच पाणी घ्या, गरम पाण्यात घातलं की गुठळ्या होणार. भगुल्यात चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला सात-आठ पाकळ्या लसूण, हळद, तिखट. त्यावर तीन वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हातानं ओता आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहा. मीठ घाला, आठ-दहा मिनिटं उकळू द्या, कच्चा वास गेला पाहिजे. वर कोथिंबीर. भाकरी कुस्करून खा किंवा नुसतं प्या.

गोड हवं असेल तर फोडणी नको. पीठ तसंच शिजवा, गूळ, चिमूटभर मीठ आणि सुंठ घाला, खाली उतरवल्यावर थोडं दूध.

डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. तिथं बचत गटांच्या बायका गावाकडचे पदार्थ करतात आणि शहरातली माणसं रांग लावून खातात. चांगलंच आहे. ज्याची लाज वाटायची त्याला आता पैसे मिळतात. पण तिथं फक्त चव विकत मिळते, मागची गोष्ट मिळत नाही.

ती गोष्ट सध्या घरातच आहे. बहात्तर साली जी बाई विशीत होती ती आज सत्तरीच्या पुढं आहे. त्यामुळं या आठवड्यात एक काम करा. घरात, शेजारी, गावाकडं कुणी असेल तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, बहात्तरला संध्याकाळी कामावरून आल्यावर चुलीवर काय असायचं, आणि ते किती जणांत वाटायचा. पदार्थाचं नाव, भांड्याचं नाव, कामाच्या जागेचं नाव, सगळं विचारा. गॅझेटिअरमध्ये कालव्याची लांबी सापडते. त्या भगुल्यात किती पाणी घातलं होतं ते फक्त तिला माहितीये.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत गरम गरम खा!